शिडाची जुनी बोट नाशकात: आधी सावली, मग खरेदी

जुनी लाकडी शिडाची बोट कित्येकदा नुसत्या तिच्या शिडांच्या आणि डोलकाठीच्या किमतीत मिळून जाते. मालकाचं वय झालेलं असतं, मुलांना तिच्यात रस नसतो, जागेचं भाडं चालू असतं आणि दर पावसाळ्याआधी दुरुस्तीचा खर्च समोर उभा राहतो. अशा वेळी मुंबईच्या किंवा गोव्याच्या किनाऱ्यावर एखादा नाशिककर ती बोट पाहतो, लाकडावरून हात फिरवतो आणि बयाणा देऊन मोकळा होतो. त्यानंतर त्याला तीन प्रश्न पडतात, तेही बहुधा याच क्रमाने: आणायची कशी, ठेवायची कुठे आणि विम्याचं काय?

या तिन्ही प्रश्नांबद्दल आज काय माहीत आहे, कायदा काय म्हणतो, जुन्या बोटींचा अनुभव काय सांगतो, याचा हा आढावा. लेखाचं म्हणणं आधीच सांगून टाकतो. नाशिकसारख्या घाटमाथ्यावरच्या गावासाठी प्रश्नांचा क्रम उलटा हवा. आधी जागा, मग विमा, मग वाहतूक आणि हे तिन्ही ठरल्यावर खरेदी. याचं कारण हवेत आहे. नाशिकच्या हवेत लाकडी बोटीचं जे सगळ्यांत मोठं नुकसान होतं, त्याची भरपाई नेहमीच्या विम्यातून मिळत नाही.

कोणती बोट?

'छोटी क्लासिक यॉट' या नावाखाली दोन अगदी वेगळ्या गोष्टी येतात आणि पुढचं सगळं गणित त्यावर ठरतं.

पहिली म्हणजे उघडी, हलकी शर्यतीची बोट. जॅक होल्ट यांनी १९५६ मध्ये आराखडा काढलेली 'एंटरप्राइज' हे तिचं आपल्याकडे चांगलं रुळलेलं उदाहरण. सव्वातेरा फूट लांब, सव्वापाच फूट रुंद, वजन शंभर किलोच्या आत. जुन्या एंटरप्राइज प्लायवुडच्या आहेत. 'फायरबॉल' त्याच कुळातली. १९८२ च्या एशियाडमधल्या शिडाच्या शर्यती मुंबईत झाल्या, तेव्हा फारूख तारापोर आणि झरीर करंजिया यांनी फायरबॉलमध्येच सुवर्णपदक मिळवलं होतं. या बोटींच्या पोटातली सरकती फळी वर ओढून घेता येते, त्यामुळे त्या उथळ पाण्यात चालतात आणि जमिनीवर सपाट बसतात.

दुसरी म्हणजे कील असलेली, म्हणजे तळाला पक्का, जड कणा असलेली बोट. मुंबई बंदरात रॉयल बॉम्बे यॉट क्लबच्या सीबर्ड वर्गातल्या बोटी या घराण्यातल्या. याच घराण्यातली थोडी मोठी आणि जगात सगळ्यांत नावाजलेली बोट मुंबईचीच आहे: 'सुहैली'. कुलाब्याच्या कोलाबा लँड कंपनीच्या आवारात सुतारांनी ती हाताने सागवानात बांधली आणि डिसेंबर १९६४ मध्ये ती पाण्यात उतरली. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी १४ जून १९६८ रोजी फाल्मथहून निघून २२ एप्रिल १९६९ रोजी, ३१२ दिवसांनी, तिथेच परत येत कुठेही न थांबता एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली. असा पराक्रम करणारे ते पहिलेच. सुहैली सुमारे ३२ फूट लांब आणि ११ फूट रुंद आहे. ही मापं लक्षात ठेवावीत, रस्त्याच्या नियमांपाशी ती पुन्हा लागतील.

नाशिकसाठी पहिल्या प्रकारची बोट सोपी आणि दुसरी अवघड. अवघड म्हणजे अशक्य नाही, पण दुसरी घेणाऱ्याने पुढची प्रत्येक पायरी दुप्पट काळजीने चढावी.

जागा: खरा शत्रू कोरडेपणा

लाकडी बोट पाण्याने कुजते, असा सर्वसाधारण समज आहे. तो अर्धाच खरा आहे. लाकूड कुजवणारी बुरशी गोड्या पाण्यावर वाढते. खारं पाणी तिला मानवत नाही, म्हणून समुद्रातली सागवानी बोट वर्षानुवर्षं टिकते. वाडियांनी मुंबईत बांधलेली आणि १८१७ मध्ये पाण्यात उतरलेली 'ट्रिंकोमाली' ही युद्धनौका आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगते आहे. याउलट, पाण्याबाहेर कोरड्या हवेत ठेवलेल्या बोटीच्या फळ्या आकसतात, सांधे उघडतात, सांध्यांत ठासून भरलेला कापूस सैल होतो आणि बोट आपला आकार सोडू लागते.

सुहैलीच्याच बाबतीत हे घडलं. १९९७ मध्ये ती ग्रीनिचच्या राष्ट्रीय सागरी संग्रहालयात ठेवली गेली. जागा बंदिस्त, हवा नियंत्रित, देखरेख उत्तम. पण त्या कोरड्या हवेत तिच्या फळ्या आकसू लागल्या. २००२ मध्ये नॉक्स-जॉन्स्टन यांनी तिला बाहेर काढलं आणि नव्याने दुरुस्त करून पुन्हा पाण्यात नेलं. तीन महासागर झेललेल्या बोटीला कोरडी हवा सोसवली नाही.

आता नाशिकचा विचार करा. गाव समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर. पावसाळ्याचे चार महिने हवा दमट, त्यानंतर कोरडी होत जाणारी थंडी आणि मार्च ते मे चाळिशीच्या आसपास जाणारा उन्हाळा. मुंबईच्या दमट हवेत मुरलेली फळी इथे पहिल्याच उन्हाळ्यात आपल्यातलं पाणी सोडते. द्राक्षाचा बेदाणा करायला शेडमध्ये सावली आणि खेळता वारा लागतो. तीच सावली आणि तोच वारा बोटीच्या फळीलाही सुकवतो. म्हणून पिंपळगाव-निफाडकडे एखाद्या शेतकरी मित्राची बेदाणा शेड किंवा रिकामी कांदा चाळ मोकळी असली, तरी लाकडी बोटीसाठी ती घेऊ नये. या जागा बांधल्याच आहेत माल कोरडा ठेवायला.

फळ्या जोडून बांधलेल्या बोटीत हे बारकाईने पाहण्यासारखं असतं. फेब्रुवारीत सांध्यावरून नख फिरवलं तर रंगाखाली केसाएवढी रेघ जाणवते. एप्रिलमध्ये त्याच रेघेत व्हिजिटिंग कार्डाची कड शिरते. पुढे आतून पाहिलं तर उजेडाची बारीक धार दिसते. या टप्प्यावर नवा मालक हमखास एक चूक करतो: दुकानातून कडक होणारी लांबी किंवा इपॉक्सी आणून फटी गच्च भरतो. बोट पुन्हा पाण्यात गेली की फळी फुगते, तिला फुगायला जागा उरत नाही आणि दाब आतल्या फासळ्यांवर येतो. फासळी तडकते किंवा तिचे खिळे उपसले जातात. कोरड्या फटीला कडक भरण घालू नये. तिला हळूहळू ओलावा द्यावा.

तो देण्याचे मार्ग जुने आणि स्वस्त आहेत. बोटीच्या आत तळाशी ओली गोणपाटं पसरावीत आणि ती सुकली की पुन्हा भिजवावीत. भिजवायला मिठाचं पाणी वापरलं तर बुरशीचा धोका कमी होतो. उघड्या लाकडाला अळशीचं तेल द्यावं. लाकडातला ओलावा मोजणारं छोटं यंत्र मिळतं, त्याने ठरावीक ठिकाणी महिन्यातून एकदा नोंद घ्यावी. कोकणात पावसाळ्याआधी होड्या शाकारतात, झापांनी झाकून ठेवतात आणि नारळी पौर्णिमेच्या सुमाराला पुन्हा पाण्यात घालतात. तिथे पावसापासून जपणूक हा हेतू असतो. नाशिकमध्ये शाकारणी उन्हाळ्यासाठी करावी लागेल. ताडपत्री थेट बोटीवर टाकू नये. वर बांबूचा किंवा पाइपचा सांगाडा करून त्यावर टाकावी, म्हणजे आत कोंडलेली वाफ लाकूड कुजवणार नाही.

प्लायवुडच्या बोटीचं दुखणं वेगळं. तिचे सांधे असे उघडत नाहीत, पण कडांतून पाणी शिरलं की थर सुटतात. तिच्या कडा आणि स्क्रूची भोकं बंद ठेवणं हेच मुख्य काम.

आता प्रत्यक्ष जागा. बंगल्याची पडवी किंवा गॅरेज एंटरप्राइजच्या मापाच्या बोटीला पुरतं. सोसायटीच्या पार्किंगमध्ये ठेवायची असेल तर कमिटीची लेखी परवानगी आधी घ्यावी. तोंडी 'ठेवा की' पुढच्या कमिटीवर बंधनकारक राहत नाही. सातपूर किंवा अंबडच्या औद्योगिक वसाहतीत गाळ्याचा कोपरा मिळाला तर जमीन पक्की असते, पण पत्र्याखाली मेमध्ये भट्टी होते. तिथे छताखाली शेडनेटचा दुसरा थर हवा. शेतात ठेवणाऱ्याने काळ्या मातीवर लाकडी ठोकळे टेकवू नयेत, वाळवीला तो रस्ताच मिळतो. खाली सिमेंटचा कोबा किंवा निदान फरशा असाव्यात आणि टेकू लोखंडी पायांचे असावेत.

गोदाकाठची स्वस्त जागा घेताना पूररेषा पाहावी. निळी आणि लाल पूररेषा कुठून जाते, हे महापालिकेकडे कळतं. ऑगस्ट २०१६ मध्ये गोदावरीने दुतोंड्या मारुतीला बुडवलं, सराफ बाजार आणि भांडी बाजारात पाणी घुसलं, हे नाशिककर विसरलेले नाहीत. टेकूवर ठेवलेली रिकामी बोट पुरात तरंगते, भिंतीवर आपटते आणि पाणी ओसरल्यावर भलत्याच जागी आडवी होते.

बोट कशावर उभी आहे, याचंही शास्त्र आहे. कील असलेल्या बोटीचं सगळं वजन कीलवर असावं. बाजूचे टेकू तिला फक्त तोलून धरण्यापुरते. हे टेकू आतल्या फासळीच्या रेषेत यावेत. दोन फासळ्यांच्या मधल्या नुसत्या फळीवर भार आला तर सहा महिन्यांत तिथे खळगा पडतो आणि तो परत भरून येत नाही.

विमा: काय मिळतं, काय मिळत नाही

जागा ठरल्यावरच विमा कंपनीकडे जाण्यात अर्थ आहे, कारण तिचा पहिला प्रश्न हाच असतो: बोट वर्षभर कुठे असणार?

आपल्याकडे या व्यवहाराचा पाया १९६३ चा सागरी विमा कायदा. त्यातल्या चार गोष्टी बोट घेणाऱ्याने समजून घ्याव्यात.

एक, परम विश्वासाचं तत्त्व. आपल्याला माहीत असलेली आणि जोखमीवर परिणाम करणारी प्रत्येक गोष्ट विमा घेणाऱ्याने स्वतःहून सांगायची असते. जुनी दुरुस्ती, बदललेली फळी, पूर्वी झालेला अपघात लपवला तर दाव्याच्या वेळी पॉलिसीच रद्द ठरू शकते. म्हणून खरेदीपूर्वी सर्वेक्षकाकडून तपासणी करून घ्यावी आणि तो अहवाल कंपनीला जसाच्या तसा द्यावा. वाईट अहवाल दडवण्यापेक्षा तो देऊन जास्त हप्ता भरणं केव्हाही हिताचं.

दोन, ठरवलेली किंमत. कायद्यात मूल्यांकित पॉलिसीची सोय आहे, म्हणजे बोटीची किंमत सुरुवातीलाच दोघांच्या संमतीने ठरते. जुन्या लाकडी बोटीला हीच पॉलिसी हवी. तिची बाजारातली किंमत आणि ती पुन्हा उभी करायला लागणारा खर्च यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. बाजारभावावर वाद झाला तर मालकाच्या हाती फार थोडं लागतं.

तीन, वगळलेलं नुकसान. पॉलिसीत वेगळं लिहिलेलं नसेल तर नेहमीची झीज, वस्तूच्या अंगभूत दोषामुळे झालेलं नुकसान आणि उंदीर-घुशी किंवा किडीमुळे झालेलं नुकसान यांची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही. कायद्यात उंदरांचा स्पष्ट उल्लेख आहे. नाशिकच्या गोदामात घडी घालून ठेवलेलं कापडी शीड म्हणजे उंदरांना आयतं घर. आणि कोरड्या हवेत आकसलेली फळी झीज किंवा अंगभूत दोष याच खात्यात टाकली जाणार. लेखाच्या सुरुवातीला केलेल्या विधानाचा आधार हा आहे. जे नुकसान इथे होण्याची शक्यता सगळ्यांत जास्त, ते विम्याच्या बाहेर आहे. ते जागेनेच सांभाळावं लागतं.

चार, हितसंबंध. नुकसान होतं त्या क्षणी वस्तूत आपलं कायदेशीर हित असावं लागतं. पैसे दिले पण खरेदीखत झालं नाही आणि दरम्यान बोटीवर क्रेनचा हूक पडला, तर नुकसान नेमकं कोणाचं? म्हणून जोखीम कोणत्या दिवशी, कोणत्या ठिकाणी विकणाऱ्याकडून घेणाऱ्याकडे जाईल, हे करारात एका ओळीत लिहून घ्यावं. बोटीसोबत काय काय येतं, याची यादीही जोडावी: शिडं, डोलकाठी, दोर, नांगर, ट्रेलर, इंजिन असेल तर त्याचा क्रमांक.

यॉटसाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या लंडनच्या 'इन्स्टिट्यूट यॉट क्लॉजेस'च्या धर्तीवरची पॉलिसी मागावी. तिच्यात बोट वर्षातले कोणते महिने पाण्यात आणि कोणते महिने जमिनीवर राहणार, हे लिहिलेलं असतं. जमिनीवर असण्याच्या काळात ती पाण्यात नेली तर संरक्षण संपू शकतं. शर्यतीत शिडाचं आणि डोलकाठीचं होणारं नुकसान वेगळं मागून घ्यावं लागतं. तिसऱ्या व्यक्तीला इजा झाली तर त्याची जबाबदारीही पॉलिसीत हवी. धरणावर दहा माणसं पाण्यात पोहत असताना ही गोष्ट दुय्यम राहत नाही.

छोट्या बोटीला स्वतंत्र यॉट पॉलिसी द्यायला कंपन्या सहसा उत्सुक नसतात. मग जमिनीवर असतानाच्या काळापुरती आग, वादळ, पूर यांसाठी अग्निविमा आणि चोरीसाठी घरफोडीचा विमा, असे दोन तुकडे जोडावे लागतात. घराच्या पॉलिसीत पडवीतली बोट आपोआप येते, असं धरून चालू नये. नाव घालून, किंमत लिहून, पत्ता देऊन घ्यावी.

वाहतूक: बिल्टीच्या मागची बारीक अक्षरं

मुंबईहून नाशिकला यायला आता दोन रस्ते आहेत. एक जुना मुंबई-आग्रा महामार्ग, कसारा घाटातून. दुसरा समृद्धी महामार्ग. त्याचा आमणे ते इगतपुरी हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला आणि इगतपुरीजवळच्या जवळपास आठ किलोमीटरच्या बोगद्यामुळे घाटाची वळणं टळली. जड, उंच कील असलेल्या बोटीला घाटातल्या वळणांवरचा हेलकावा नको असतो, त्यामुळे समृद्धी तिच्यासाठी बरी. हलक्या, उघड्या बोटीला मात्र वेगातला वारा उचलतो. तिथे वेगच कमी ठेवायला सांगावा.

गाडी कोणती, हे मापावरून ठरतं. नियमाने वाहनाची रुंदी २.६ मीटरपर्यंत. एंटरप्राइज चौदा फुटी आयशरमध्ये सहज बसते. सुहैलीच्या मापाची, म्हणजे सुमारे ३.४ मीटर रुंदीची बोट मात्र 'ओडीसी', म्हणजे मापाबाहेरचा माल ठरते. तिला लो-बेड ट्रेलर, वेगळी परवानगी आणि पुढे-मागे सूचना देणारी व्यवस्था लागते. डोलकाठी ही छोट्या बोटीचीही अडचण. ती बोटीपेक्षा बरीच लांब असते आणि फाळक्याच्या बाहेर माल लोंबवणं नियमात बसत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात मापाबाहेर माल नेल्यास २० हजार रुपये दंड आहे, शिवाय जादा माल उतरवण्याचा खर्च. लाल फडकं बांधून भागेल, असं सांगणाऱ्या गाडीवाल्याचं ऐकू नये. डोलकाठीच्या लांबीची गाडी घ्यावी.

लोडिंगचा अर्धा तास सगळ्यांत धोक्याचा. उचलायला बहुतेक ठिकाणी हायड्रा, म्हणजे छोटी फिरती क्रेन, येते. तिच्या चालकाला लोखंडी गर्डर उचलायची सवय असते. त्याच्याकडचा तारेचा दोर किंवा साखळी बोटीला लावू देऊ नये. रुंद कापडी बेल्ट दोन, एक पुढे, एक मागे. बेल्ट वर जाताना बोटीच्या काठांना आत दाबतात आणि जुन्या बोटीचा काठ तिथेच मोडतो. म्हणून वर आडवी लाकडी किंवा लोखंडी पट्टी घालून बेल्ट फाकवून धरावेत. बेल्ट कुठे लावले तर बोट समतोल उचलली जाते, हे जुन्या मालकाला किंवा क्लबच्या खलाशाला माहीत असतं. त्याने दाखवलेल्या जागी खडूने खूण करून फोटो काढून ठेवावा. नाशिकला उतरवताना ज्ञान सोबत यायला हवं.

गाडीत बांधताना बोट गाडीला बांधली जाते, दाबली जात नाही. बेल्टखाली काठावर जाड गोणपाट किंवा रबर घालावं. आतल्या सगळ्या सुट्या वस्तू, सुकाणू, वल्ही, नांगर, बाहेर काढून वेगळ्या बांधाव्यात. नांगर आत सैल राहिला तर एका धक्क्यात फळी फोडतो. तळाचं पाणी सोडायचं बूच उघडं ठेवावं, कारण इगतपुरीच्या पावसात उघडी बोट भरली तर प्रत्येक घनमीटर पाण्यामागे एक टन वजन वाढतं. पहिल्या अर्ध्या तासाने थांबून सगळे बेल्ट पुन्हा आवळावेत, नंतर घाटाच्या किंवा बोगद्याच्या अलीकडे एकदा.

आता कागद. बिल्टीवर बहुधा छापलेलं असतं की माल मालकाच्या जोखमीवर. पण २००७ च्या कॅरेज बाय रोड कायद्याने वाहतूकदाराची जबाबदारी ठरवली आहे आणि २०११ च्या नियमांनी तिची मर्यादा साधारण भाड्याच्या दहापट ठेवली आहे. जास्त जोखमीचा दर भरून जास्त किंमत घोषित केली असेल तर गोष्ट वेगळी. समजा भाडं २० हजार रुपये, तर हाती येऊ शकणारी रक्कम जास्तीत जास्त दोन लाख. बोट सहा लाखांची असेल तर उरलेले चार लाख आपले. शिवाय नुकसानभरपाईचा दावा लावण्याआधी, बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत लेखी नोटीस द्यावी लागते. ही मुदत उलटली की न्यायालयाचं दार बंद.

म्हणून एका फेरीपुरता वाहतूक विमा घ्यावाच. देशांतर्गत रस्त्याच्या वाहतुकीसाठी तीन प्रकारची कलमं असतात. 'सी'मध्ये आग आणि वीज. 'बी'मध्ये त्यांच्यासोबत टक्कर, गाडी उलटणं, पूल तुटणं. 'ए'मध्ये वगळलेल्या गोष्टी सोडून सर्व जोखमी. बोटीला 'ए' घ्यावं. तिच्यावर येणारे प्रसंग बहुतेक टक्करीचे नसतात. ओरखडा, आपटणं, बेल्टने काठ दबणं, असे असतात आणि 'बी'त ते बसत नाहीत. चढवणं-उतरवणं पॉलिसीत येतं का, हे लेखी विचारून घ्यावं. चढवण्यापूर्वी आणि उतरवल्यानंतर बोटीच्या चारही बाजूंचे, तारीख दिसेल असे फोटो काढावेत. नुकसान दिसलं तर पोच सही करताना बिल्टीवरच तसं लिहावं.

ई-वे बिलाचा प्रश्न आधीच सोडवून ठेवावा. राज्यातल्या राज्यात माल नेताना महाराष्ट्रात त्याची मर्यादा १ लाख रुपये आहे, गोव्याहून येणाऱ्या मालाला ५० हजार. व्यक्तीने व्यक्तीला विकलेल्या जुन्या वस्तूसाठी काय लागतं, हे वाहतूकदार आणि कर सल्लागार यांच्याकडून लेखी घ्यावं. नवी बोट घेणाऱ्यासाठी मोठी बातमी करांची आहे: २२ सप्टेंबर २०२५ पासून यॉटवरचा जीएसटी २८ वरून ४० टक्क्यांवर गेला. जुनी बोट दुरुस्त करून वापरण्याचं गणित त्यामुळे अधिकच आकर्षक झालं आहे.

ऋतूही निवडावा. मार्च-एप्रिलच्या उन्हात, महामार्गाच्या गरम वाऱ्यात पाच-सहा तास उघडी नेलेली बोट त्या एका दिवसात कित्येक दिवसांचं सुकणं सुकते. पावसाळा संपता संपता, ऑक्टोबरच्या सुमाराला आणली तर लाकूड ओलं असतं, नाशिकची हवा अजून फार कोरडी नसते आणि हिवाळाभर तिला सावकाश रुळायला वेळ मिळतो.

पाणी आणि परवानगी

नाशिकला पाणी भरपूर आहे, पण ते सगळं बोटीसाठी नाही. नांदूर मध्यमेश्वर हे पक्ष्यांचं अभयारण्य आणि महाराष्ट्रातलं पहिलं रामसर क्षेत्र, तो विचार सोडून द्यावा. गंगापूर धरणावर एमटीडीसीचा बोट क्लब आहे, पण धरण जलसंपदा विभागाच्या ताब्यातलं आणि शहराच्या पिण्याच्या पाण्याचं, त्यामुळे खासगी बोट उतरवायची तर परवानगी आधी. दारणा, मुकणे, वैतरणा यांची कथा अशीच: मालकी सरकारी, विचारणा लेखी.

२०२१ च्या अंतर्देशीय नौका कायद्यात यांत्रिक शक्तीवर चालणाऱ्या नौकेला नोंदणी, तपासणी आणि विमा लागतो. शिडाच्या बोटीला मागे छोटं इंजिन लावलं की ती या वर्गात जाते. निव्वळ शिडाची आणि वल्ह्याची बोट वेगळ्या, हलक्या व्यवस्थेत येते. धरणावर फिरायचं असेल तर इंजिनाचा मोह टाळण्याचं हे एक भक्कम कारण आहे.

समुद्रातून गोड्या पाण्यात येणाऱ्या बोटीत दोन बदल होतात. गोडं पाणी हलकं, म्हणून बोट अडीच टक्क्यांच्या आसपास जास्त पाणी सारते आणि थोडी खोल बसते. दुसरं म्हणजे कुजण्याचा धोका वाढतो, कारण खारेपणाचं संरक्षण गेलं. आत साचलेलं पावसाचं पाणी नाशकात दुर्लक्षून चालत नाही. शिवाय गंगापूर सप्टेंबरात भरलेलं असतं आणि मेपर्यंत खाली उतरतं. कील असलेल्या बोटीला त्या उतरलेल्या पाण्यात तळ लागतो. सरकत्या फळीची बोट तिथे वर्षातले जास्त महिने चालते.

मग करायचं काय?

या आढाव्यातून निघणारा क्रम सरळ आहे. आधी सावलीची, पक्क्या जमिनीची, पूररेषेबाहेरची जागा लेखी मिळवावी. तिथे उन्हाळ्यात ओलावा कसा राखायचा, हे ठरवावं. मग सर्वेक्षकाचा अहवाल आणि जागेचा पत्ता घेऊन विमा कंपनीकडे जावं, ठरवलेल्या किमतीची पॉलिसी मागावी आणि वगळलेल्या गोष्टींची यादी वाचावी. मग गाडीचं माप, 'ए' कलमाचा वाहतूक विमा, हायड्राची वेळ. शेवटी बयाणा. हा क्रम पाळला तर काही बोटी घ्यायच्या राहून जातील, हे खरं. पण ज्या घेतल्या जातील, त्या पाच वर्षांनी पडवीत फटी पडलेल्या लाकडाचा ढीग होऊन पडलेल्या नसतील.

एकट्याच्या पडवीने हा प्रश्न पूर्ण सुटत नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे म्हणायला हवं. बोट बांधण्याचं ज्ञान आपल्या किनाऱ्यावर जिवंत आहे. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या आवारात 'म्हादेई' बांधली गेली आणि तिच्यातून दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. तिथेच सुहैलीची प्रतिकृती 'थुरिया' बांधली गेली. घाटावर ते ज्ञान पोहोचलेलं नाही, कारण इथे बोट ठेवायलाच जागा नाही. पाण्यावरच्या खेळाचंही तेच. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीसारख्या दुष्काळी गावातून निघालेले दत्तू भोकनळ २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये वल्ही मारायला उतरले, पण त्यासाठी त्यांना सैन्यात जाऊन पुणं गाठावं लागलं.

गंगापूर धरणाच्या परिसरात एक सार्वजनिक नौका-शेड उभी राहिली तर बरंच काही सुटेल. वर दुहेरी छत, खाली कोबा, लाकूड भिजवायला पाण्याची टाकी, कापडी बेल्टची एक जोडी, आठवड्यातून दोन दिवस येणारा सुतार. वल्ह्याच्या बोटी, शिडाच्या बोटी, शाळांच्या बोटी एका छताखाली आल्या तर भाडं वाटून जाईल. सगळ्यांसाठी मिळून एकच गटविमा मागता येईल आणि एका बोटीला नाही म्हणणारी कंपनी वीस बोटींसाठी टेबलावर बसेल. जिल्हा क्रीडा कार्यालय, एमटीडीसी आणि जलसंपदा विभाग यांनी एकत्र बसून घ्यावा असा हा निर्णय आहे, आणि बोटवाल्या नाशिककरांनी तो खरेदीच्या आधी मागायला हवा.